शेवटचे आठ दिवस: पेठेत की गावी?

लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्व परीक्षा आठ दिवसांवर आली की पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या खोल्यांमध्ये एकच विषय निघतो. इथंच थांबायचं, की बॅग भरून घरी जायचं? मी एका वर्षी थांबलो, पुढच्या वर्षी गावी गेलो.

थांबण्यात सगळ्यात मोठा फायदा सवयीचा. अभ्यासिकेत ठरलेली खुर्ची असते, आजूबाजूला माना खाली घालून बसलेली पोरं असतात, त्यामुळे आपणही बसतो. सकाळी दोन तास जीएस (सामान्य अध्ययन) आणि दुपारी दोन तास सीसॅट (आकलन आणि तर्कक्षमतेचा पेपर) असं घड्याळ लावून पेपर सोडवणं तिथंच जमतं. घरी मला एकदाही जमलं नाही; पाऊण तास झाला की कुणीतरी हाक मारायचंच.

तोटा चहाच्या टपरीवर भेटतो. "यंदा पर्यावरण जड जाणार", "मला कालच्या टेस्टला १३०". आपल्याला पडलेले असतात १०४. मग रात्री धास्तीनं नवी पीडीएफ उघडायची. मी त्या वर्षी शेवटच्या चार दिवसांत चालू घडामोडींच्या तीन उघडल्या आणि एकही संपवली नाही. वर्षभर स्वतःच्या हातानं लिहिलेली राज्यव्यवस्थेची वही मात्र तशीच राहिली. जीएसला १०० प्रश्न, २०० गुण आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांतल्या पाव हिश्श्याची कपात. तिथं अर्धवट वाचलेलं हमखास दगा देतं. दोन पर्यायांत अडकवतं आणि चुकीच्या गोलावर पेन फिरतं.

गावी काय मिळतं? झोप, आणि मेसच्या तेलकट रश्श्यापासून सुटका. पण मला खरा उपयोग झाला तो सॅकचा. एका सॅकमध्ये मावेल तेवढंच नेता आलं: पाच वह्या आणि आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका. काय सोडायचं हे आपोआप ठरलं. त्रास म्हणाल तर वीज आणि नातेवाईक. तिसऱ्या दिवशी काका ओट्यावर बसून विचारणारच, "मग, साहेब कधी होणार?" आईला आधीच सांगून ठेवायचं, लग्नाबिग्नाला मी येणार नाही.

निवड करताना माझी कसोटी सीसॅटची. हा पेपर आता फक्त पात्रतेपुरता, ३३ टक्के लागतात, म्हणून सगळे त्याला गृहीत धरतात. २०० पैकी ६६ गुण म्हणजे एकही चूक न करता २७ प्रश्न बरोबर यायला हवेत, चुका झाल्या की त्याहून जास्त. उतारे वाचताना वेळ पुरत नसेल तर पेठेतच थांबा, रोज एक पेपर लावा आणि चहा खोलीवर करा. सीसॅट निर्धास्त असेल, वह्या तयार असतील, तर सरळ घरी जा.

मात्र आधी प्रवेशपत्रावरचं केंद्र बघा. केंद्र तुमच्याच जिल्ह्यात असेल तर प्रश्नच मिटला. पुण्यात असेल आणि गाव एसटीनं दहा तासांवर, तर रविवारच्या पेपरसाठी शुक्रवारीच परत या. शनिवारची रात्र बसमध्ये काढून जीएस सोडवता येत नाही. मूळ ओळखपत्र, त्याची झेरॉक्स आणि काळ्या शाईची दोन बॉलपेनं जातानाच सॅकमध्ये टाका.

आणि खोलीची चावी स्वतःकडे ठेवा. मी शुक्रवारी परतलो तेव्हा दाराला कुलूप होतं आणि रूममेट चावीसकट परभणीला.