ड्युअलसेन्स चार्जिंग स्टेशन: वर्षभराच्या वापरानंतर

आमच्या घरात प्लेस्टेशन ५ या सोनीच्या गेम कन्सोलचे (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राचे) दोन ड्युअलसेन्स कंट्रोलर आहेत आणि गेले वर्षभर खेळ संपला की ते दोन्ही सोनीच्या चार्जिंग स्टेशनवर ठेवले जातात. त्याआधी बराच काळ आम्ही ते केबल लावून चार्ज करीत होतो आणि मधल्या काळात दुसऱ्या एका कंपनीचा डॉकही, म्हणजे कंट्रोलर टेकवून चार्ज करायची बैठकही, वापरून झाला होता. त्यामुळे तिन्ही पद्धतींची तुलना मला अनुभवाने करता येते. या स्टेशनवर कंट्रोलर केबलपेक्षा लवकर चार्ज होतो असे अजिबात नाही. पण चार्जिंग लक्षात ठेवण्याचे काम उरत नाही, आणि ज्या घरात रोज खेळले जाते तिथे एवढ्या एका कारणासाठी ते घेण्यासारखे आहे.

रचना अगदी साधी आहे. एका बैठकीवर दोन कंट्रोलर शेजारी शेजारी उभे राहतील अशा दोन जागा आहेत. ड्युअलसेन्सच्या खालच्या कडेला, हेडफोनच्या जॅकच्या दोन्ही बाजूंना, धातूचे बारीक संपर्कबिंदू असतात. कंट्रोलर कितीतरी दिवस वापरूनही अनेकांचे त्यांच्याकडे लक्ष गेलेले नसते. कंट्रोलर जागेवर टेकवून हलकेच खाली दाबला की ‘खट्’ असा आवाज येतो, हाताला तो बसल्याचे स्पष्ट जाणवते आणि क्षणभरात टचपॅडच्या कडेची पट्टी नारिंगी रंगात सावकाश उजळू-मंदावू लागते. बॅटरी भरली की हा प्रकाश आपोआप मालवतो. अंधाऱ्या खोलीत लांबूनही कळते की कोणत्या कंट्रोलरचे चार्जिंग अजून चालू आहे. मात्र स्टेशनवर स्वतःचा असा एकही दिवा नाही, त्यामुळे प्रकाश मालवलेला दिसला तर चार्जिंग पूर्ण झाले आहे की कंट्रोलर नीट बसलेलाच नाही, हे नुसते पाहून सांगता येत नाही. म्हणूनच त्या ‘खट्’ आवाजाला महत्त्व आहे. तो ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही, हे मी मुलीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवले.

हे स्टेशन स्वतःच्या अडॅप्टरवर चालते आणि कन्सोलशी त्याचा काही संबंध नाही. वरवर किरकोळ वाटणारी ही बाब मला सर्वांत मोलाची वाटते. कन्सोलला केबलने जोडलेला कंट्रोलर सकाळी रिकामाच सापडण्याचा अनुभव पुष्कळांना आला असेल, आणि त्यामागे बहुतेक वेळा बिघाड नसतो. प्लेस्टेशन ५ पूर्णपणे बंद केल्यावर त्याच्या यूएसबी पोर्टमधून वीज मिळत नाही. रेस्ट मोडमध्ये, म्हणजे पूर्ण बंद न करता झोपवून, ठेवल्यास मिळते, पण तीही सेटिंगवर अवलंबून असते. सिस्टीमच्या सेटिंगमध्ये वीजबचतीच्या भागात, रेस्ट मोडमधील सुविधांखाली, यूएसबी पोर्टना वीज अजिबात द्यायची नाही, फक्त ३ तास द्यायची की कायम द्यायची, असे पर्याय असतात. ज्यांना केबलनेच काम भागवायचे आहे त्यांनी डॉक घेण्याचा विचार करण्याआधी ही सेटिंग एकदा उघडून पाहावी. कदाचित त्यांची अडचण तिथेच सुटेल आणि नवीन काही घ्यावेच लागणार नाही.

आता वेळेविषयी. ड्युअलसेन्समध्ये १५६० मिलीअँपिअर-तास क्षमतेची लिथियम-आयन बॅटरी आहे, आणि ती पूर्ण रिकामी असताना स्टेशनवर ठेवली तर भरायला साधारण ३ तास लागतात. केबलने कन्सोलला जोडूनही जवळपास तेवढाच वेळ लागतो. फोनच्या जलद चार्जरला कंट्रोलर जोडला तर हे काम झटपट होईल, अशी समजूत मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. पण किती विद्युतप्रवाह घ्यायचा हे कंट्रोलरच्या आतले सर्किट ठरवते, आणि चार्जर कितीही ताकदीचा असला तरी ते आपल्या गरजेपुरताच प्रवाह ओढून घेते. शेवटचा टप्पा तर मुद्दामच संथ असतो: लिथियम-आयन सेलचे व्होल्टेज ४.२ व्होल्टच्या आसपास पोहोचले की ते तिथेच धरून ठेवून प्रवाह हळूहळू कमी केला जातो, आणि म्हणून अखेरची थोडी बॅटरी भरायला सुरुवातीच्या मानाने जास्त वेळ लागतो. घाई असेल तेव्हा अर्धा-पाऊण तास ठेवून कंट्रोलर उचलावा. तेवढ्यावर खेळाची एक बैठक सहज निभते.

बॅटरी पुरण्याच्या बाबतीत ड्युअलसेन्सची स्थिती जरा वेगळी आहे. त्याआधीच्या ड्युअलशॉक ४ मध्ये १००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी होती, म्हणजे नव्याची क्षमता दीडपटीहून जास्त आहे. पण हाताला नेमके कंप जाणवून देणाऱ्या मोटरी, बोटाला प्रतिकार करणारे ट्रिगर आणि आतला स्पीकर यांना वीजही तशीच लागते. आमच्याकडे खेळाच्या प्रकारानुसार सात ते दहा तास मिळतात. कंप आणि ट्रिगरचा जोर सेटिंगमध्ये कमी केला तर त्यात भर पडते, पण ज्यासाठी हा कंट्रोलर हातात घ्यावासा वाटतो तेच कमी करणे मला पटत नाही. याउलट निन्टेंडोच्या स्विच प्रो कंट्रोलरची बॅटरी १३०० मिलीअँपिअर-तासांची असूनही एका चार्जमध्ये सुमारे ४० तास चालते असे कंपनी सांगते, आणि तो पूर्ण भरायला सुमारे ६ तास लागतात. तिथे आठवड्यातून एकदा केबल लावली तरी भागते, आणि डॉक ही निव्वळ नीटनेटकेपणाची सोय ठरते. ड्युअलसेन्सला मात्र एक-दोन दिवसांआड चार्जिंग लागतेच, म्हणून त्याच्यासाठी ठरलेली जागा असण्याला अर्थ आहे.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलचा मार्ग आणखी वेगळा आहे आणि त्याविषयी मला मनापासून आदर आहे. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० पासून आजच्या सीरिज एक्स आणि एसपर्यंत त्यांच्या साध्या कंट्रोलरमध्ये दोन एए सेल घालण्याची सोय टिकून आहे. चांगले रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल चार घेतले की दोन कंट्रोलरमध्ये आणि दोन चार्जरमध्ये, असा फेरा लागतो. खेळ मध्येच थांबला तर झाकण काढून सेल बदलायला काही सेकंद पुरतात, आणि काही वर्षांनी सेल दमले की कंट्रोलर उघडावा लागत नाही. एकच लक्षात ठेवावे लागते: या सेलचे व्होल्टेज साध्या अल्कलाइन सेलच्या १.५ ऐवजी १.२ असते आणि ते शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहून मग एकदम घसरते, त्यामुळे पडद्यावरच्या बॅटरीच्या चिन्हावर फारसे विसंबता येत नाही. ज्यांना सेल नको असतील त्यांच्यासाठी त्याच जागेत बसणारी लिथियम-आयन बॅटरी आणि केबल असा संच स्वतंत्रपणे मिळतो.

आता त्या दुसऱ्या डॉकविषयी, ज्याचे नाव मी इथे घेणार नाही. त्याच्यासोबत अंगठ्याच्या नखाएवढे दोन प्लग आले होते. ते कंट्रोलरच्या यूएसबी-सी पोर्टमध्ये कायम घालून ठेवायचे आणि मग कंट्रोलर डॉकवर टेकवायचा, अशी ती योजना होती. पोर्टमधून बाहेर आलेला तो प्लग जरासा धक्का लागला तरी कलायचा, आणि एकदा कंट्रोलर सोफ्यावरून खाली पडला तेव्हा नेमका त्याच बाजूवर आपटला. प्लग वाकला आणि पोर्टही ढिला झाला. त्यानंतर केबल एका विशिष्ट कोनात धरली तरच नारिंगी प्रकाश दिसू लागला. शेवटी तो कंट्रोलर दुरुस्तीला द्यावा लागला. शिवाय त्या डॉकसोबत अडॅप्टर नव्हता, फक्त यूएसबी केबल होती. ती कन्सोलला जोडली की पुन्हा रेस्ट मोडच्या सेटिंगचा प्रश्न उभा राहायचा, आणि दोन्ही कंट्रोलर एकाच पोर्टची वीज वाटून घेत असल्यामुळे रात्रभर ठेवूनही दोन्ही पूर्ण भरतील याची खात्री नसायची. डॉकवरचा हिरवा दिवा मात्र लगेच लागायचा. तो दिवा बॅटरी भरल्याचा नसून डॉकला वीज मिळत असल्याचा आहे, हे लक्षात यायला आम्हाला दोन आठवडे लागले.

यूएसबी-सी पोर्ट हजारो वेळा प्लग घालण्या-काढण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे रोज एकदा केबल लावल्याने तो झिजेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. पोर्ट खराब होतो तो आडव्या ताणाने: केबल लावलेल्या स्थितीत खेळताना, ती कोणाच्या पायात अडकल्यावर, किंवा कंट्रोलर केबलसकट खाली पडल्यावर. संपर्कबिंदूंवर चालणाऱ्या स्टेशनमध्ये पोर्टला हातच लागत नाही, हा त्याचा दुसरा खरा फायदा आहे. ते संपर्कबिंदू मात्र स्वच्छ ठेवावे लागतात. तळहाताचा घाम आणि धूळ यांचा पातळ थर त्यांच्यावर साचतो. महिन्यातून एकदा कोरड्या सुती कापडाने, सर्व बंद असताना, ते पुसून घेतले की पुरते. कंट्रोलरला सिलिकॉनचे कव्हर घातलेले असेल तर त्याच्या खालच्या कडेला जागा मोकळी सोडलेली आहे ना, हेही घेण्यापूर्वी पाहावे, कारण कव्हर मध्ये आले तर कंट्रोलर पूर्ण खाली बसत नाही.

या स्टेशनच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ते ड्युअलसेन्सच्या आकाराला बांधलेले आहे. २०२३ मध्ये आलेला ड्युअलसेन्स एज, म्हणजे त्याचीच वरच्या दर्जाची आवृत्ती, त्यावर बसतो, पण जुना ड्युअलशॉक ४ किंवा इतर कोणाचा कंट्रोलर त्यावर चार्ज होत नाही. हेडफोनची पिन जॅकमध्ये ठेवून कंट्रोलर बसवता येत नाही. साध्या यूएसबी केबलवर ते चालत नसल्यामुळे प्रवासात नेण्याजोगे नाही आणि सोबतचा अडॅप्टर जपावा लागतो. एकच कंट्रोलर असणाऱ्याने आणि आठवड्यातून दोन-चार तास खेळणाऱ्याने ते घेऊ नये असेच मी सांगेन; त्याला एक चांगली लांब केबल आणि फोनचा पडून राहिलेला साधा चार्जर पुरेसा आहे. (ड्युअलशॉक ३ च्या काळात हेही शक्य नव्हते. तो कंट्रोलर कन्सोल किंवा संगणकासारख्या उपकरणाशी बोलणी झाल्याशिवाय वीजच घेत नसे, त्यामुळे भिंतीवरच्या कितीतरी चार्जरवर तो ढिम्म पडून राही.)

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: रात्रभर स्टेशनवर राहिल्याने बॅटरी बिघडणार नाही का? बॅटरी भरली की आतले सर्किट प्रवाह थांबवते, त्यामुळे ती गरजेपेक्षा जास्त भरली जात नाही. पण लिथियम-आयन बॅटरी कायम पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहिली, आणि त्यात ती गरम जागी असली, तर तिची क्षमता अधिक वेगाने घटते. हल्ली फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. या स्टेशनवर ती नाही. रोज वापरल्या जाणाऱ्या कंट्रोलरचे यामुळे फारसे बिघडत नाही, कारण तो रोज रिकामा होत असतो. खरे नुकसान होते ते दुसऱ्या कंट्रोलरचे, जो फक्त पाहुणे आल्यावर हातात येतो आणि एरवी आठवडेच्या आठवडे शंभर टक्के भरून बसून राहतो. हे ध्यानात आल्यापासून मी दोन गोष्टी करू लागलो. स्टेशन टीव्हीच्या मागच्या उबदार कोपऱ्यातून काढून मोकळ्या कपाटावर ठेवले, आणि दर रविवारी दोन्ही कंट्रोलरची अदलाबदल करतो: ज्याने आठवडाभर खेळलो तो विश्रांतीला जातो आणि दुसरा खेळायला येतो. लांबच्या सुट्टीवर जायचे असले तर दोन्ही निम्मे भरलेले असताना स्टेशनवरून उचलून खणात ठेवतो आणि अडॅप्टरचे बटण बंद करतो.