गिटारला तांब्याची टेप: बझ (चरचर) गेला, हम (घुमणारा आवाज) राहिला

मागच्या उन्हाळ्यात लावलेली टेप एक अख्खा पावसाळा काढून अजून जागेवर आहे. ती चांगली आहे, पण काय थांबवते आणि काय नाही, हे विकणारे सांगत नाहीत.

माझी इलेक्ट्रिक गिटार स्ट्रॅट पद्धतीची, तीन सिंगल-कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग, इथे प्रत्येकात तारेची एकच गुंडाळी). घरात पंख्याला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्यांना डिमर, त्यामुळे अँप लावला की चरचर सुरू. तारांना हात लावला की कमी, काढला की पुन्हा तेच. तुमच्याकडेही असंच होत असेल तर टेपचा नक्की उपयोग होईल. हा त्रास विद्युत क्षेत्राचा असतो आणि ग्राउंडला जोडलेला तांब्याचा पत्रा त्याला अडवतो. पिकअपची पोकळी आणि स्क्रॅचप्लेटची (पोकळीवरच्या झाकणाची) मागची बाजू मढवून घेतल्यावर ही चरचर जवळपास गेली.

घेताना गोंदही वीजवाहक आहे ना, ते बघा. रंगीत काचकामासाठी विकतात ती टेप स्वस्त असते, पण बहुतेकदा साध्या गोंदाची. एका पट्टीवर दुसरी चढवली तरी मधे गोंदाचा थर राहतो, म्हणजे जोड दिसायला जोड, विजेच्या लेखी तुटलेला. दोन तुकडे एकावर एक चिकटवा आणि मल्टिमीटरचा बीप ऐका, लगेच कळतं.

वीजवाहक गोंद असला तरी प्रत्येक जोडावर सोल्डरचा एखादा थेंब टाकाच. पावसाळ्यानंतर स्क्रॅचप्लेट उघडली तेव्हा तांबं काळवंडलं होतं, त्याने काही बिघडत नाही. पण नुसत्या गोंदावर सोडलेल्या दोन जोडांचा रोध वाढला होता आणि कोपरेही सुटायला लागले होते. सोल्डरचे जोड जसेच्या तसे.

आता राहिलेला हम. अँपच्या ट्रान्सफॉर्मरजवळ बसलं की तो येतोच, गिटार जरा फिरवली की कमी-जास्त होतो. हे ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र. ते अडवायला तांब्याची जाडी सेंटिमीटरच्या घरात लागेल आणि टेप तर मिलिमीटरचा छोटासा अंश. त्याला उलट गुंडाळलेला मधला पिकअप किंवा हंबकर (हम एकमेकींत कापणाऱ्या दोन गुंडाळ्यांचा पिकअप) हाच उपाय. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला तो याच दुखण्यावर. 'शंभर टक्के नॉइज बंद' असं लिहिलेल्या जाहिराती वाचून हसू येतं.

उरलेली टेप यूएसबी ३.० हार्ड डिस्कच्या प्लास्टिक खोक्याला आतून लावली, प्लगच्या धातूच्या कवचाला जोडून. डिस्क चालू असली की वायरलेस माउस अडखळायचा. या यूएसबीचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. एवढ्या वारंवारतेला तांब्याचे एक-दोन मायक्रॉन शिरकाव रोखतात, म्हणजे इथे टेप गरजेपेक्षा जाडच. फरक पडला. पण माउसचा रिसीव्हर एक्स्टेन्शन वायरने हातभर लांब नेल्यावर त्याहून जास्त पडला, तेव्हा आधी ते करून बघा.

कडा ब्लेडसारख्या असतात, नखाऐवजी आइस्क्रीमच्या काडीने दाबा. आणि गिटारचं झाकण परत लावण्याआधी जॅकच्या सिग्नलच्या पातीसमोर इन्सुलेशन टेपचा तुकडा लावायचाच. पिन घातल्यावर ती पाती वाकून तांब्याला टेकली, तर बझबरोबर गिटारचाही आवाज बंद.