तारकर्लीची पार्टी आणि माझे साडेतेरा हजार

घरात डीजेइंग शिकून आता लोकांसमोर वाजवायला निघालेल्या आपल्या कोकणातल्या मुलांसाठी हे मुद्दाम लिहितोय.

मी रत्नागिरीत मोबाईलच्या दुकानात कामाला आहे. लॉकडाऊन उठल्यावर पायोनियरचा डीडीजे-४०० हा कंट्रोलर, म्हणजे गाणी मिसळायचं मशीन, सेकंडहँड घेतला आणि पुढची तीन वर्षं रात्री खोलीचं दार लावून मिक्सिंग केलं. सेट रेकॉर्ड करून इन्स्टाग्रामवर टाकायचो. पण समोर नाचणारी माणसं नसली, की गाणं कधी बदलायचं हे शिकता येत नाही. एकदा तरी खऱ्या गर्दीसमोर उभं राहायचंच, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. माझी ही घाई मला फसवणाऱ्या माणसाने बरोबर ओळखली.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्याचा मेसेज आला. "भाई, तुझे सेट ऐकले. ३१ तारखेला तारकर्लीला बीच पार्टी आहे, दहा ते साडेअकरा तू वाजव. बारा हजार देऊ." रिसॉर्टचं नाव खरं होतं, नकाशावर सापडत होतं. त्याच संध्याकाळी टोकन म्हणून त्याने मला पाचशे रुपये पाठवले. पैसे आधी त्याच्याकडून आले, म्हणून माझा संशय गेला. दुसऱ्या दिवशी माझं नाव छापलेलं पोस्टर आलं. मी ते आईला दाखवलं, आईने मावशीला पाठवलं, दुकानातल्या शेटनी सुट्टी दिली. आता नाही म्हणायची सोयच उरली नाही.

मग मागण्या सुरू झाल्या. आर्टिस्ट रजिस्ट्रेशनचे साडेतीन हजार. कन्सोलचं, म्हणजे तिथल्या डीजे मशीनचं, डिपॉझिट सहा हजार, "शो झाला की परत". शेवटी चार हजार पोलीस परवानगीतला माझा वाटा. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी असते, वर्षातले ठरावीक दिवसच बारापर्यंत सवलत मिळते, हे मला माहीत होतं. त्यामुळे ती मागणी मला खरीच वाटली आणि मी सगळे पैसे भरले. पण ती परवानगी आयोजकाने काढायची असते. कन्सोलचं भाडं साऊंडवाल्याला आयोजकच देतो. वाजवणाऱ्याने यातलं काहीही भरायचं नसतं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, म्हणून मी तुम्हाला सांगतोय.

आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली. तीन आठवड्यांत त्या माणसाने आवाजाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. तू काय वाजवतोस, तुझ्याआधी कोण आहे, मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला ऐकू यायला त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, लागेल का, काहीच नाही. माझ्या कंट्रोलरला आरसीए आऊटपुट आहे, मोठ्या साऊंडला जोडायला वेगळी केबल लागते. तेही मीच विचारलं, तर म्हणाला, "सब हो जायेगा."

३१ला सकाळची एसटी धरून मालवणला उतरलो, तिथून रिक्षाने तारकर्ली. कंट्रोलर टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरला होता. रिसॉर्टच्या अंगणात एक काका माडाची झापं गोळा करत होते. स्टेज नाही, स्पीकर नाही, प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. मी पोस्टर दाखवलं. काकांनी चष्मा वर करून ते नीट वाचलं आणि म्हणाले, "हंय खंयची पार्टी रे झिला? तुका कोणी सांगल्यान?" मी फोन लावला. बंद.

काकांनी बसवून चहा दिला. मला तो घशाखाली उतरवता येईना.

दोन दिवसांनी वेगळ्या नंबरवरून फोन आला, "शो रद्द झाला, पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाक." पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. दुकानात रोज गिऱ्हाइकांना हेच सांगतो, म्हणून तिथे तरी वाचलो. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, स्क्रीनशॉट दिले. पण मधले दोन दिवस मी लाजेने गप्प बसलो होतो, तेवढ्यात पैसे पुढे गेले होते. तुमच्यावर ही वेळ आली तर त्याच तासाला फोन करा. आणि निघण्याआधी रिसॉर्टचा नंबर स्वतः शोधून तिथे विचारा. मी तो एक फोन केला नाही.

मार्चमध्ये पावसला एका मित्राच्या बहिणीच्या हळदीला वाजवलं. आदल्या दिवशी साऊंडवाल्या दादाचा फोन आला होता. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "तुझ्या मशीनला आऊटपुट कुठलं आहे? केबल मी आणू की तुझ्याकडे आहे?"