पंपाचा आवाज येत होता, तरीही मी 12,899 रुपये दिले

लातूरला औसा रोडवर माझे घर आहे आणि गेली सोळा वर्षे मी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे जे घडले त्यात मला सर्वांत जास्त लाज याच गोष्टीची वाटते. घरातील कॉफीचे यंत्र दुरुस्त करण्याच्या नावाखाली माझ्याकडून एकूण 12,899 रुपये घेतले गेले आणि वर यंत्रातील चांगला पंपही काढून नेला गेला. अशा फसवणुकी कशा होतात हे आपण सगळे रोज वाचतो. मीही वाचत होतो आणि ‘लोक इतके कसे फसतात’ असे म्हणतही होतो.

म्हैसूरला शिकत असताना मला कॉफीची सवय लागली. 2022 च्या दिवाळीत मी 31,490 रुपयांना घरगुती एस्प्रेसो यंत्र घेतले. ही चैन आहे असे कोणी म्हणेल, पण सकाळी सहाच्या बॅचला उभे राहण्यापूर्वीचा तो एक कप ही माझी एकमेव हौस आहे आणि तिच्याबद्दल मला कोणाची माफी मागायची नाही. एप्रिल 2025 मध्ये नळाला बरेच दिवस पाणी आले नव्हते, घरात आई आजारी होती आणि त्या धावपळीत यंत्राची टाकी रिकामी असतानाच मी कळ दाबली. पंप कोरडा चालला. नंतर टाकी भरली, तर पंप घुमत होता, पण जाळीतून पाण्याचा थेंब येत नव्हता.

हमी 2024 मध्येच संपली होती. मी इंटरनेटवर कंपनीच्या नावापुढे ‘लातूर दुरुस्ती केंद्र’ असे लिहून शोधले आणि सर्वांत वर जो क्रमांक आला तो लावला. कंपनीचा खरा क्रमांक माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आणि यंत्राच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला होता. यंत्र उलटे करून पाहायला मला दहा सेकंद लागली असती. फोनवरच्या बाईंनी भेटीचे 499 रुपये आधी भरायला सांगितले आणि मी ते भरले. मॉडेलचा क्रमांक त्यांनी विचारला नाही. ज्याला यंत्राचे मॉडेल जाणून घ्यायचे नाही, त्याला ते दुरुस्तही करायचे नसते.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे नाव छापलेला टी-शर्ट घातलेला एक तरुण आला. बोलायला नम्र होता, आईच्या तब्येतीची चौकशी केली, पाणी मागून घेतले. त्याने यंत्र चालू केले, पंप घुमला, तो आवाज आम्ही दोघांनी ऐकला. मग त्याने वीज बंद केली, मागचे झाकण उघडले, पंपाच्या दोन तारा सोडवल्या, मीटरचा काटा ओहमच्या, म्हणजे विद्युतरोध मोजण्याच्या, खुणेवर ठेवला आणि दोन्ही टोके पंपाला लावून पडदा माझ्यासमोर धरला. “सर, बघा, काहीच दाखवंना गेलंय. कॉइल जळाली. पंप जळताना बोर्डपण घेऊन जातो, दोन्ही बदलावं लागतंय.”

मी त्या क्षणी गप्प बसलो आणि तो क्षण अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. जळालेली कॉइल, म्हणजे पंपातले तारेचे वेटोळे, आवाज करू शकत नाही. तार तुटली असेल तर प्रवाहच वाहत नाही, चुंबकत्व निर्माण होत नाही आणि आतला दट्ट्या हलत नाही. पाच मिनिटांपूर्वी घुमणारा पंप ‘जळालेला’ आहे असे मला सांगितले जात होते. मग मीटर काही का दाखवत नव्हता? कारण या प्रकारच्या पंपाला आतच एक डायोड जोडलेला असतो. त्यामुळे तो विजेच्या अर्ध्याच लहरीवर चालतो आणि दट्ट्या सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे होतो. अशा पंपाला ओहमच्या खुणेवर मीटर लावला, तर निदान एका दिशेने काहीच वाचन येत नाही, आणि नुसत्या त्यावरून पंप जळाला असे ठरत नाही. डायोड एकाच दिशेने प्रवाह जाऊ देतो, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून दीडशे मुलांना शिकवतो. त्या दिवशी माझ्याच स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो धडा माझ्यासमोर उघडा पडला होता आणि मी ‘बरं, किती होतील?’ एवढेच विचारले.

माझ्या बाजूने एवढेच सांगतो की त्या दिवशी सकाळी आईचे रक्ताचे अहवाल आले होते आणि माझे निम्मे लक्ष शेजारच्या खोलीत होते. शिवाय बोलणारा माणूस हत्यारे घेऊन समोर बसलेला असतो, तेव्हा आपले पुस्तकी ज्ञान पुढे करायचा संकोच वाटतो. हा संकोच सोडा. तुमच्या घरातील वस्तू आहे, प्रश्न विचारायचा हक्क तुमचा आहे.

पंप आणि बोर्ड (यंत्र चालवणारी आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी) मिळून 6,850 रुपये त्याने आगाऊ घेतले आणि यंत्र घेऊन गेला. जाण्यापूर्वी मी उघड्या यंत्राचे एक छायाचित्र काढले, कारण पुण्याला शिकणाऱ्या भाच्याला आतली रचना दाखवायची होती. या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेली ही एकच शहाणपणाची गोष्ट आहे. कोणतेही यंत्र घराबाहेर जात असेल, तर आतल्या प्रत्येक भागावरच्या चिठ्ठीसकट छायाचित्र काढा आणि नेणाऱ्याच्या सहीची पावती घ्या.

चार दिवसांनी व्हॉट्सअॅपवर एक छायाचित्र आले. त्यात क्षारांनी पांढरा पडलेला, खालून छिद्र पडलेला पितळी बॉयलर होता. “तुमच्याकडचं पाणी लई जड आहे सर, बॉयलर गेला,” असे सांगून आणखी 4,200 रुपये मागितले. लातूरच्या माणसाला पाणी वस्तूंचे वाटोळे करते हे पटवून द्यावे लागत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि एरवीही बोअरच्या पाण्याने आमचे गिझर आणि नळाच्या तोट्या पांढऱ्या होतात. मी लगेच विश्वास ठेवला. वास्तविक माझ्या यंत्रात बॉयलर नाहीच. त्यात थर्मोब्लॉक आहे, म्हणजे अॅल्युमिनियमचा एक ठोकळा, ज्याच्या आतल्या नळीतून जाताना पाणी तापते. पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर ते आकृतीसह दिलेले आहे. पैसे भरण्यापूर्वी पुस्तिका वाचा, भरल्यानंतर वाचून माझ्यासारखा नुसता संताप होतो.

नवव्या दिवशी यंत्र परत आले आणि ‘वाहतूक व सेवा’ म्हणून 1,350 रुपये आणखी गेले. बिलावर जीएसटी क्रमांक होता, पण तो चौदाच अक्षरांचा होता. हा क्रमांक नेहमी पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातील नोंदणीचा 27 ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. मी तो तेव्हा मोजला नाही.

यंत्र चार दिवस चालले आणि पाचव्या दिवशी पुन्हा बंद पडले. फोन उचलला जाईना. शेवटी मी ते गंजगोलाईजवळ मोटार वाइंडिंगचे दुकान असलेल्या चाचांकडे नेले. त्यांनी कॉफीचे यंत्र आयुष्यात प्रथमच पाहिले होते आणि तसे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांनी झाकण उघडले आणि माझ्या मोबाइलमधले छायाचित्र शेजारी ठेवायला सांगितले. छायाचित्रात इटलीत बनलेला पंप होता, त्याच्या चिठ्ठीवर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 48 वॉट हे आकडे स्पष्ट वाचता येत होते. समोरच्या यंत्रात मात्र चिठ्ठी खरवडलेला, टोकांना गंज चढलेला भलताच जुना पंप होता. बोर्ड तोच होता, स्क्रूवर कारखान्यात लावलेला गोंदाचा थेंब मोडलेलाही नव्हता. थर्मोब्लॉक तोच होता. चाचा म्हणाले, “सर, तुमचा माल चांगला होता. हवा धरली होती फक्त.”

पंप कोरडा चालला की नळीत हवा अडकते. मग पंप घुमत राहतो, पण त्याला पाणी ओढता येत नाही. अशा वेळी टाकी नीट भरून घट्ट बसवावी, वाफेच्या नळीची चकती पूर्ण उघडावी आणि पंप थोडा थोडा चालवून आतली हवा बाहेर जाऊ द्यावी. तरीही पाणी आले नाही, तर टाकी काढून खालच्या छिद्रातून सुई नसलेल्या सिरिंजने पाणी आत ढकलावे. मधे पंपाला विश्रांती द्यावी, सलग चालवू नये. खर्च शून्य रुपये. नवा पंप मागवून बसवायला चाचांनी माझ्याकडून 2,650 रुपये घेतले, त्यातले 300 मजुरीचे, आणि काढलेला जुना पंप पिशवीत घालून माझ्या हातात दिला. दुरुस्तीत निघालेला जुना भाग नेहमी मागून घ्या. तो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याने काही बदललेलेच नसते किंवा नको ते बदललेले असते.

यानंतर मी दाद मागायला निघालो. 1930 या सायबर मदतक्रमांकावर सांगण्यात आले की माणूस घरी आला, वस्तू परत मिळाली आणि पैसे तुम्ही स्वतःहून दिले, तेव्हा स्थानिक पोलिसांकडे जा. स्थानिक पोलीस ठाण्यात मला अडीच तास बाकावर बसवून सांगितले की क्रमांक इंटरनेटवर मिळाला ना, मग सायबरकडे जा. पुन्हा गेलो, तर दुसऱ्या अधिकाऱ्यांनी ‘हा ग्राहक आणि दुकानदार यांच्यातला वाद आहे, तुम्ही शिकलेले दिसता, ग्राहक आयोगात जा’ असा सल्ला दिला. मी छायाचित्र दाखवू लागलो, तेव्हा त्यांनी मोबाइलकडे पाहिलेसुद्धा नाही. 1915 या ग्राहक मदतक्रमांकावर तक्रार नोंदवून घेतली गेली, पण समोरच्या संस्थेचा पत्ता द्या असा निरोप आला. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही म्हणून तिथे चौकशी केली, तर तिथेही विरुद्ध पक्षाचे नाव आणि पत्ता हवाच होता. तो पत्ता शोधून काढणे हे पोलिसांचे काम आहे आणि पोलीस मला आयोगाकडे पाठवत आहेत, हे मी प्रत्येक टेबलावर सांगितले आणि प्रत्येक टेबलावर मान हलवली गेली. बँकेने ‘पिन तुम्हीच टाकला’ एवढ्या एका वाक्यावर प्रकरण संपवले. पैसे ज्या खात्यात गेले ते खाते कोणाचे तरी आहे, त्याला कोणत्यातरी शाखेने ओळखपत्र पाहून उघडून दिले आहे, मग त्या माणसाचे नाव सापडत नाही असे कसे म्हणता? खऱ्या कंपनीने सौजन्याने कळवले की लातूरला त्यांचे केंद्रच नाही, सर्वांत जवळचे पुण्याला आहे, आणि खोट्या क्रमांकांशी त्यांचा संबंध नाही. त्यांच्या नावाचा टी-शर्ट घालून माणसे घरोघरी फिरतात, हा त्यांचा प्रश्न नसेल तर कोणाचा आहे?

एका वकील मित्राने नंतर सांगितले की भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणूक आणि 319 मध्ये दुसऱ्याचे रूप घेऊन केलेली फसवणूक येते, आणि पोलीस ठाण्याने तक्रार घेतली नाही तर ती टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. हे ठाण्यातल्या एकाही माणसाने मला सांगितले नाही. मी छायाचित्रे, व्यवहारांचे चार पुरावे आणि चौदा अक्षरी बिलाची प्रत जोडून रजिस्टर्ड टपालाने अर्ज पाठवला आहे. पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवस झाल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही अर्ज केला आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्या दिवशीच सगळे लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीत मी तीन आठवडे घालवले.

मागच्या आठवड्यात नांदेडच्या एका सहकाऱ्याने कॉफीच्या यंत्रासाठी मिळालेला क्रमांक मला विचारायला पाठवला. तोच होता. मी दुसऱ्या मोबाइलवरून तो लावला. त्याच बाईंनी फोन उचलला, मॉडेल विचारले नाही, आणि भेटीचे शुल्क आता 599 रुपये असल्याचे सांगितले.