घरच्या बाळंतपणाचं सामान: लेक रांगायला लागल्यावरचा हिशोब

आधी निकाल सांगते, मग तपशील. नेदरलँड्समध्ये घरी बाळंत होण्यासाठी लागलेलं सामान आम्हाला दीडशे युरोंच्या आसपास पडलं. यात पाळणा, गाडीतली सीट आणि बाळाचे कपडे धरलेले नाहीत. लेक आता रांगते आहे, त्यामुळे काय कामाचं ठरलं आणि काय नुसतीच कपाटातली जागा अडवून बसलं, हे छातीठोकपणे सांगता येतं. माझं मत विचाराल तर पैसे पलंगाच्या उंचीवर आणि सुती कापडावर घालावेत. बाकीचं फुकट मिळतं, उसनं मिळतं किंवा लागतच नाही.

थोरला पुण्यात हॉस्पिटलात झाला होता, कुठल्याही अडचणीशिवाय. म्हणूनच दुसऱ्या खेपेला आयन्डहोवनमध्ये घरी बाळंत व्हायचा विचार तरी करता आला. इथे गरोदरपण सरळ असेल तर डॉक्टरकडे नाही, मिडवाइफकडे जायचं असतं, आणि घरी की हॉस्पिटलात हे ती तुमच्याशी बोलून ठरवते. कळा 37 ते 42 आठवड्यांच्या दरम्यान सुरू झाल्या तरच घरी. पहिलटकरणींपैकी बऱ्याच जणींना अध्येमध्ये हॉस्पिटलात हलवावं लागतं, दुसऱ्या खेपेला ते बरंच कमी होतं. तरी एक बॅग भरून दाराशी ठेवायची आणि गाडीतली सीट तयार ठेवायची, हे यादीतच असतं.

देशातल्या मैत्रिणींना एक विनंती. ही यादी घेऊन सांगलीत किंवा नाशकात घरी बाळंत व्हायचं मनात आणू नका. इथे यादी छोटी असते, कारण खरं सामान मिडवाइफच्या बॅगेत असतं: बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र, रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन, टाके घालायची साधनं, बाळाला श्वास द्यायचा फुगा. शिवाय फोन केला की रुग्णवाहिका येते आणि हॉस्पिटल जवळ असतं. आपल्याकडे ती साखळी नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर 2011पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, सिझेरियनसुद्धा.

आता पैशांचं. मिडवाइफ आणि बाळंतपणानंतर घरी येणारी मदतनीस, म्हणजे क्रामझोर्ग, या दोन्ही गोष्टी इथल्या मूळ विम्यात येतात आणि त्यांना आयखन रिसिको, म्हणजे विमा सुरू व्हायच्या आधी दरवर्षी आपण भरायची ठरावीक रक्कम, लागत नाही. रक्ततपासण्या आणि रुग्णवाहिका यांना मात्र लागतो, हे बिल आल्यावर कळण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं. क्रामझोर्गचे कमीत कमी 24 आणि जास्तीत जास्त 80 तास मिळतात, आणि ताशी पाच युरोंच्या आसपास आपल्या खिशातून जातात. वैद्यकीय कारण नसताना हौसेने हॉस्पिटलात जायचं म्हटलं तर काहीशे युरो स्वतः भरावे लागू शकतात. घरच्या बाळंतपणाचा तो भुर्दंड नाही. पण केवळ त्यासाठी घरी बाळंत व्हा असं मी कुणालाही सांगणार नाही.

क्रामपाकेट

हा बाळंतपणाच्या सामानाचा खोका. पुरवणी विमा असेल तर बरेचदा कंपनी फुकट पाठवते. अट एवढीच की वेळेत मागवायचा. आमचा असा आला. त्यात गादीवर घालायचं मोठं प्लॅस्टिकच्या पाठीचं आच्छादन, 60 बाय 90 सेंमीची शोषक पॅडं, बाळंतिणीचे जाड पॅड, जाळीच्या चड्ड्या, निर्जंतुक गॉज, नाळेचा चिमटा, कापूस आणि 70 टक्के अल्कोहोलची बाटली होती.

एका ऑनलाइन दुकानातून मी आणखी एक 'डिलक्स' खोका मागवला होता, छान फीत बांधलेला. त्यातली शोषक पॅडं इतकी पातळ की आईने एकावर पाणी ओतून पाहिलं तर खालची फरशी ओली. फीत मात्र उत्तम होती, थोरल्याच्या पतंगाला लागली. तेव्हा वेगळे खोके घेऊ नका. पॅडं कमी पडली तर क्राउडफाट या औषधं-साबणांच्या दुकानात वृद्धांसाठी जी मिळतात तीच घ्या. तोच आकार, जास्त शोषतात, किंमत जवळपास निम्मी. उरलेली मी अजून दुपटं बदलायच्या टेबलावर आणि प्रवासात वापरते.

जाळीच्या चड्ड्या सगळ्या तशाच पडून आहेत. पहिल्या काही रात्री अंगावरून इतकं जातं की पॅड एकीकडे आणि चड्डी दुसरीकडे. त्याऐवजी मोठ्या माणसांच्या डायपर-पँटचं एक पाकीट आणा. वहिनीने सुचवलं तेव्हा मला कसंसंच झालं होतं. आता मी प्रत्येकीला तेच सुचवते.

पलंग

सगळ्यात जास्त डोकं इथे लावा. गादीचा वरचा भाग जमिनीपासून किमान 70 सेंमी, शक्यतो 80 हवा. नियम बाळंतिणीसाठी नाही, मदतनिसाची कंबर वाचावी म्हणून आहे, त्यामुळे हॉस्पिटलात बाळंत झालात तरी घरचा पलंग उंच करावाच लागतो. नाही केला तर ती काम करायला नकार देऊ शकते. आणि पलंगाला दोन्ही बाजूंनी जाता आलं पाहिजे.

पायांखाली घालायच्या ठोकळ्यांना इथे क्लॉसन म्हणतात. शुश्रूषा-साहित्याच्या दुकानात ते भाड्याने मिळतात, काही आठवड्यांचे वीस-पंचवीस युरो. साध्या चार पायांच्या पलंगाला कुठलेही बसतात. बॉक्सस्प्रिंग, म्हणजे गादीखाली स्प्रिंगची पेटी असलेला पलंग असेल तर वेगळे लागतात, त्यामुळे दुकानात जाताना पलंगाच्या पायांचा फोटो आणि माप घेऊन जा. पाय ठोकळ्याच्या खाचेत पूर्ण बसलाय ना ते वाकून, बोट घालून बघायचं; आमचा एक पाय खाचेच्या काठावर टेकला होता आणि नवरा बसल्याबरोबर पलंग करकरला. मधला आधाराचा पाय असेल तर त्यालाही ठोकळा हवा, नाहीतर गादी मध्ये दबते.

आमचा जिना म्हणजे कपाटात लावलेली शिडी. इथल्या जुन्या ओळीच्या घरांत तसाच असतो. वरच्या मजल्यावरून स्ट्रेचर उतरत नसेल तर अग्निशमन दलाची उंच शिडीची गाडी बोलावून खिडकीतून बाईला खाली आणतात. हे मिडवाइफने घर पाहायला आल्यावर अगदी सहज सांगितलं. आम्ही त्याच दिवशी पलंग खाली दिवाणखान्यात आणला. न्हाणीघर वर राहिलं, पण संडास खाली होता, आणि चौदाव्या शतकातल्या राणीसारखं दिवाणखान्यात उंच पलंगावर बसून लोकांना भेटायची सोय झाली.

दिव्याकडेही लक्ष द्या. पहाटे बाळ आलं, मला दोन-तीन टाके पडले आणि ते घालायला आमचा दिवाणखान्यातला मंद पिवळा दिवा कामाचा नव्हता. अभ्यासाच्या टेबलावरचा वाकवता येणारा दिवा नवऱ्याने तिथून उचलून हातात धरून उभं राहायचं काम केलं. तो दिवा कोपऱ्यावरच्या क्रिंगलोप दुकानात, म्हणजे जुन्या सामानाच्या दुकानात, कॉफीच्या किमतीत मिळाला होता.

कापड

हायड्रोफील म्हणजे दुहेरी विणीचं पातळ सुती कापड, साधारण 70 सेंमी चौरस. यादीत डझनभर लिहिलेले असतात. काही हेमा नावाच्या दुकानातले घेतले, काही मैत्रिणीकडचे जुने आले, आणि जुनेच जास्त चांगले निघाले. नवं कापड पहिल्यांदा पाणी शोषत नाही, वर मोत्यासारखे थेंब राहतात. दोन-तीनदा 60 अंशांवर धुतलं की वीण फुगते आणि मग ते खरं काम करतं. बाळ पुसायला, डोक्याखाली, खांद्यावर, उन्हात गाडीवर, आता जेवताना गळ्यात. सगळ्या खरेदीत रोज हातात येणारी वस्तू हीच.

आईने येताना जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून आणली होती, कडेला साडीचाच काठ. मदतनीस ती हातात घेऊन बघत राहिली आणि विचारलं कुठल्या दुकानातली. निकाल असा: शोषण्यात हायड्रोफील पुढे, मऊपणात आणि वाळण्यात साडी पुढे. इथल्या ओल्या नोव्हेंबरात, घरातल्या वाळत घालायच्या घडवंचीवर साडीचं दुपटं संध्याकाळपर्यंत कोरडं होतं. तेव्हा येणाऱ्या आजीला डाळी-मसाल्यांऐवजी दुपटी आणायला सांगा, मसाले इथे सगळे मिळतात. लंगोट मात्र आम्ही दुपारपुरतेच वापरले. कुंची फोटोपुरती.

गरम ठेवायचं सामान आणि आईचा धूर

यादीत दोन धातूच्या गरम पाण्याच्या बाटल्या असतात. बाळाचं अंथरूण त्यांनी ऊबदार करायचं. नवी बाटली महाग, मार्क्टप्लाट्स या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर जुनी स्वस्त मिळते. पण जुनी घेतलीत तर झाकणातली रबराची चकती नवी बसवा, गरम पाणी भरून बाटली उलटी धरून गळत नाही ना बघा, जाड पिशवी घाला आणि बाळापासून किमान 10 सेंमी लांब ठेवा. बाळाचं तापमान 36.5 ते 37.5 अंशांत हवं. पहिला आठवडा ते रोज मोजून वहीत लिहितात, म्हणून थर्मामीटर चांगला घ्या. आमच्या दोनपैकी स्वस्तातला नेहमी कमीच दाखवायचा, त्याच्या भरवशावर आईने बाळावर तीन थर चढवले होते. मदतनिसाने दुसऱ्याने मोजून दोन काढायला लावले. पाळण्यात रजई आणि उशी अजिबात नको, यावर तिने एक पाऊलही मागे घेतलं नाही.

शेगडीचा प्रश्न आपोआप सुटला. इथे 1 जुलै 2022पासून घराच्या प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म सक्तीचा आहे. आईने ओवा आणि वाळलेल्या लसणाच्या सालांची धुरी केली, अलार्म कोकलला, शेजारची आजी कोट घालून दारात आली. तिला अळीवाचा लाडू दिला, तिने दुसऱ्या दिवशी आम्हाला विलायती बडीशेपेचे गोड दाणे पसरलेले टोस्ट आणून दिले. बाळ झालं की इथे हेच वाटतात. बडीशेप पाहून आई एकदम खूश, 'यांनाही बाळंतिणीचं कळतं' म्हणाली. धूर बाळाच्या छातीला वाईटच, त्यामुळे अलार्मचे मी आभार मानते.

छोट्यामोठ्या वस्तू

दोन बादल्या लागतात. साध्या, अॅक्शन नावाच्या स्वस्त दुकानातल्या. एक कचऱ्याला, दुसरी वारेला. मिडवाइफने वार बादलीतून काढून शोषक पॅडवर पसरून दाखवली, ती पूर्ण बाहेर आली आहे ना ते फिरवून फिरवून तपासलं, नाळ कुठून निघते ते थोरल्यालाही दाखवलं. पुण्यात मला कुणी ती दाखवलीच नव्हती. नंतर काय करायचं विचारलं तेव्हा आईने उत्तर आधीच ठरवलं होतं: पुरायची. बागेत नवऱ्याने खोल खड्डा खणला. ती बादली आता पुसायच्या पाण्याला आहे, आणि दुसरी घासलेली बादली लेकीची खेळणी ठेवायला.

लघवी करताना टाक्यांवर कोमट पाणी ओतायला खास बाटली विकतात. आपल्या घरी तांब्या आहे. विषय संपला.

पाण्याचा टब भाड्याने घ्यायचा विचार होता. टबच नाही, त्याचा नळी-जोड, पंप, आतलं प्लॅस्टिक असं एकेक जोडत भाडं शंभराच्या पुढे गेलं आणि थोरला त्यात पोहायचं म्हणाला. सोडून दिला. न्हाणीत शॉवरखाली खुर्चीवर बसून पाठीवर गरम पाणी सोडलं, कळा सोसायला तेवढं पुरलं.

गाडीतली सीट कधीच अनोळखी माणसाकडून जुनी घेऊ नका. अपघातातून गेलेली सीट वरून धडधाकट दिसते. आम्ही ज्यांना ओळखतो त्या घरातून घेतली. आणि एक: 1 सप्टेंबर 2024पासून युरोपात जुन्या आर44 या सुरक्षा-प्रमाणाच्या नव्या सीट विकता येत नाहीत, त्यामुळे दुकानात कुणी 'शिल्लक माल' म्हणून स्वस्तात देत असेल तर आधी लेबल वाचा.

ठोकळे परत केले, बाटल्या ओळखीच्या एकीकडे गेल्या, तिचे दिवस भरत आलेत. हायड्रोफील मागत होती, ते दिले नाहीत. तिला हेमाचा पत्ता आणि 60 अंशांचा सल्ला दिला.