तुटलेला स्टड काढला म्हणता, मग तुकडा दाखवा

"हेड उतरवल्याशिवाय तुटलेला स्टड निघत नाही." एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणारा नळ, आणि स्टड म्हणजे तो इंजिनाच्या हेडला (वरच्या भागाला) धरून ठेवणारा आट्यांचा दांडा. असा स्टड तुटलेल्या पिकअपवाल्याला हे वाक्य हमखास ऐकवलं जातं, आणि फसवणूक इथूनच सुरू होते. निफाडहून पिंपळगाव बसवंतला कांदा वाहणाऱ्या एका पिकअपचं 23,400 रुपयांचं बिल याच वाक्यावर उभं होतं. हेड उतरवण्या-बसवण्याची मजुरी, हेड गॅस्केट, हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं), कूलंट, आठ नवे स्टड, मॅनिफोल्ड गॅस्केट. पंधरा दिवसांत गाडी सकाळच्या पहिल्या स्टार्टला पुन्हा धूर गळून टिकटिकायला लागली.

मॅनिफोल्डवरचा पत्रा काढल्यावर सगळं उघड झालं. केबिनच्या बाजूचा शेवटचा नट चिमटीत धरून ओढला, तर तो स्टडसकट हातात आला. स्टड जेमतेम पाऊण इंचाचा, करवतीने कापलेला, आणि त्याच्या टोकाला जळून खडूसारखी ठिसूळ झालेली करडी इपॉक्सी. हेडमधला जुना तुकडा जागच्या जागी होता. त्याच्यावर नवा तुकडा नुसता चिकटवला होता. बाजारातली साधी इपॉक्सी दीडशे अंशांच्या आसपासच हार मानते, आणि डिझेलच्या मॅनिफोल्डचं तापमान भरल्या लोडला त्याच्या दुपटी-तिपटीवर जातं. हे काम टिकणार नाही हे करणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

हेडही उतरवलं नव्हतंच. टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) बोल्टांवर जुनी तेलकट धूळ जशीच्या तशी होती. इंजेक्टर पाइपच्या नटांच्या कडांवर पान्याचा ताजा ओरखडा नव्हता, आणि रेडिएटरच्या टाकीतलं पाणी तांबूसच होतं. हेड खरंच उतरवलं तर या तिन्ही जागा हलल्यावाचून राहत नाहीत. बिल देण्याआधी विजेरी हातात घेऊन या तीन जागा बघायला पाच मिनिटं लागतात.

आता स्टड तुटतो का, ते समजून घ्या, म्हणजे पुढची थाप पचणार नाही. बिडाचा 40 सेंटिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड 400 अंशांनी तापला, की सुमारे पावणेदोन मिलिमीटर लांबतो. हेडमधून पाणी फिरतं, म्हणून ते तेवढं लांबत नाही. हा फरक स्टडना रोज सोसावा लागतो, आणि सगळ्यात जास्त टोकाच्या दोघांना. म्हणून पहिल्या नाहीतर शेवटच्या सिलिंडरचा स्टड आधी जातो. त्यात गंज धरलेला असला, की थंड नटावर इम्पॅक्ट गन (हिसके देऊन नट फिरवणारं यंत्र) लावताच तो कट्‌ करून तुटतो. काही ठिकाणी हेच मुद्दाम केलं जातं: तक्रार एका स्टडची, तोडून ठेवले तीन. म्हणून गाडी देताना प्रत्येक नटाचा फोटो घ्या, आणि "गन लावू नका, गरम करून पान्याने खोला" असं कामाच्या कागदावर लिहून घ्या.

घरी करायचं असेल, तर घाई नको. आदल्या संध्याकाळपासून तीन-चार वेळा प्रत्येक नटाच्या बुडाशी गंज सोडवणारा स्प्रे मारा. स्प्रे नसेल तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं. हे मिश्रण लगेच पेटतं, तेव्हा गॅस टॉर्च पेटवण्याआधी पुसून वाळू द्या. नट लालसर होईपर्यंत तापवा, थोडा निवू द्या, मग सहा कोनी गोटी (सॉकेट) लावून आधी किंचित घट्ट करा आणि मग सैल. पाना स्प्रिंगसारखा लवचिक लागला की थांबा: तो स्टड पिळवटतोय. पुन्हा तेल, पुन्हा आच.

तरीही तुटलाच, तर किती बाहेर उरला ते बघा. तीन-चार मिलिमीटर जरी बाहेर असला तरी काम सोपं आहे. एम-8 (8 मिलिमीटर जाडीच्या) स्टडवर साधा काळा एम-8 नट ठेवा. गॅल्व्हनाइज्ड नट नको, त्याच्या जस्ताचा धूर अंगाला बाधतो. नटाच्या आत वेल्डिंग भरा. तुकडा हेडच्या बरोबरीने तुटला असेल, तर आधी वॉशर वेल्ड करा आणि त्यावर एम-10 नट. मिग (तारेचं वेल्डिंग यंत्र) असेल तर उत्तम, नाहीतर 2.5 मिलिमीटरची रॉड आणि 80 अँपिअरच्या आसपास करंट. वेल्डिंगची आच स्टडभोवतीचा गंज फोडते, खरं काम तिचंच. हात लावण्याइतकं निवलं की तेल सोडा आणि पान्याने मागे-पुढे अष्टमांश फेरा, असं हलवत राहा. पहिला नट निखळला तर दुसरा, दुसरा निखळला तर तिसरा. चार-पाच नट लागले तरी निराश होऊ नका, प्रत्येक खेपेला गंज सैल होत असतो.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, अर्थ क्लॅम्प तुकड्याजवळच्या स्वच्छ धातूवर लावा, आणि डिझेलच्या पाइपांवर ओलं जाड फडकं टाका. गाडीखाली जायचं असेल तर जॅकच्या भरवशावर नाही, स्टँड लावूनच.

"हेड अॅल्युमिनियमचं आहे, वेल्डिंग चालत नाही" ही दुसरी थाप. आधी साधं लोहचुंबक हेडला लावून बघा. चिकटलं तर हेड बिडाचं आहे, विषय संपला. चिकटलं नाही तरी पोलादी वेल्डिंग अॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे अशा हेडमधून तुकडा काढायला हीच रीत जास्त सुरक्षित आहे. मात्र आच एका जागी लांबवू नका.

हेडच्या आत खोल तुटलेल्या तुकड्यालाच ड्रिल करावं लागतं, आणि नुकसान बहुधा इथेच होतं. मधोमध पंच बसला नाही, तर बिट मऊ हेडकडे सरकतं आणि आटे खातं. मॅनिफोल्ड परत लावून त्याच्याच भोकात बसेल असा, आत 4 मिलिमीटरचं छिद्र असलेला बुश लेथवाल्याकडून करून घ्या, बिट सरळ जाईल. नंतर 5, शेवटी 6.5. डाव्या फेऱ्याचं बिट मिळालं तर तेच वापरा, पुष्कळदा तुकडा ड्रिल होता होताच बाहेर येतो. ईझी-आउट (भोकात उलटं फिरवून तुकडा काढायचं हत्यार) जपून: ते कडक पोलादाचं असतं, आत तुटलं की साधं बिट त्याला ओरखडाही काढत नाही. मग कार्बाइडचं बिट नाहीतर स्पार्क इरोजनवालाच (ठिणग्यांनी धातू झिजवणारा) शोधावा लागतो. हेड उतरवण्याची वेळ खरोखर आली, तर ती बहुधा अशा तुटलेल्या ईझी-आउटमुळे.

आटे गेले असतील तर एम-8, 1.25 पिचसाठी (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) 8.3 मिलिमीटरचं ड्रिल, हेलिकॉइलचा टॅप आणि हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी), एवढंच पुरतं. काही जण न सांगता भोक वाढवून 10 मिलिमीटरचे आटे पाडतात आणि मॅनिफोल्डचं भोकही रुंदावतात. मॅन्युअलमध्ये एम-8 आहे आणि गाडीला 12 किंवा 13 च्या गोट्यांशेजारी एकच 17 ची लागते, असं दिसलं की समजा.

नव्या स्टडला तांब्याचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, तांब्याच्या मुलाम्याचे लॉक नट घ्या. गॅस्केटच्या जागी लाल सिलिकॉन फासलेलं आढळलं, तर गॅस्केटचे पैसे परत मागा. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून बघा, वाकलेला मॅनिफोल्ड नवे स्टडही तोडतो. आवळताना मधून टोकांकडे, दोन फेऱ्यांत. मॅन्युअलचा आकडा प्रमाण. एम-8 ला तो साधारण 20 ते 25 न्यूटन-मीटर असतो.

गॅरेजला काम दिलंत, तर जुने सुटे भाग परत हवेत हे आधीच सांगा, विशेषतः तुटलेला तुकडा. खरंच निघालेल्या तुकड्याला वेल्ड केलेला नट असतो नाहीतर मधोमध ड्रिलचं भोक, आणि हेडमध्ये गेलेली आट्यांची पूर्ण लांबी दिसते. "कचऱ्यात गेला" हे उत्तर आलं, तर पैसे देण्याआधी त्या जागेचा नट पान्याने तपासून घ्या. पक्कं बिल मागा. बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. वर सांगितलेल्या पिकअपचा तुकडा शेवटी दुसऱ्याच नटाला, चाळीस मिनिटांत, हेड जागेवर ठेवूनच निघाला. त्या दिवशीचा खर्च एक स्टड, तीन नट, एक गॅस्केट आणि वेल्डिंगवाल्याची मजुरी.