उपवासकाळातले शुक्रवार आणि दादरमधलं जेवण

मी वसईची, पण नोकरीमुळे सहा वर्षं दादरला एकटी राहते. चहा आणि उकडलेलं अंडं सोडलं तर घरी काही शिजत नाही. एरवी ते चालून जातं. खरी पंचाईत होते ती राखेच्या बुधवारपासून, म्हणजे आम्हा कॅथलिकांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो तेव्हापासून.

नियम तसे सोपे आहेत. या काळात शुक्रवारी मांस वर्ज्य. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला त्याशिवाय उपवास, म्हणजे एकदाच पोटभर जेवायचं आणि बाकी दोन वेळा थोडंसं. मासळी चालते. पण आमच्या घरी ईस्टरपर्यंत मासळीसुद्धा बंद असते. आजी म्हणायची, पापलेट खाऊन कसलं गं प्रायश्चित्त? तिचं ते म्हणणं मला पटतं, म्हणून मीही तेच पाळते.

गेल्या वर्षी पहिल्याच शुक्रवारी मोबाइलवरून एका हॉटेलातून व्हेज सूप मागवलं. दुसऱ्या चमच्याला चिकनचा तुकडा लागला. चूक त्यांची होती, तरी मला फार वाईट वाटलं. त्या रात्री केळं खाऊन झोपले. तेव्हापासून या दिवसांत जिथे मांस शिजतच नाही अशाच ठिकाणचं खाते. या बाबतीत दादरसारखी जागा नाही.

माझं सगळ्यात आवडतं ठिकाण म्हणजे आमच्या गल्लीतलं पोळीभाजी केंद्र. दोन काकू मिळून चालवतात. तीन पोळ्या, एक पालेभाजी, एक उसळ, वर आमटीची पिशवी, एकूण 120 रुपये. पोळ्या मऊ असतात, दुसऱ्या दिवशी सकाळीही चामट होत नाहीत. मुगाची उसळ उत्तम, वाटाण्याची जरा पाणचट. लाल माठाला लसणाची फोडणी इतकी नेमकी असते की आईच्या हातची आठवते. वसईच्या बायका भाजीचे भारे घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला येतात. ती भाजी पाहिली की मला आमची वाडी दिसते. अडचण एकच, केंद्र साडेआठला बंद होतं आणि शुक्रवारी चर्चमधली क्रूसाची वाट ही प्रार्थना संपून मी बाहेर पडेपर्यंत तेवढेच वाजलेले असतात. एकदा मी धापा टाकत पोचले तर काकू म्हणाल्या, “अगं, आधी सांगायचं ना, बाजूला काढून ठेवलं असतं.” आता गुरुवारीच सांगून ठेवते.

ज्या शुक्रवारी सांगायचं राहतं, त्या दिवशी पोर्तुगीज चर्चमधून निघून गोखले रोडने थेट चालत ‘प्रकाश’ हे शाकाहारी उपाहारगृह गाठते. तिथला साबुदाणा वडा बाहेरून खरपूस आणि आत मऊ असतो, पीयूष दाट आणि केशराच्या वासाचं. चवीत काही खोट नाही. पण प्रायश्चित्ताच्या शुक्रवारी तळलेले वडे आणि वर पीयूष म्हणजे सणच झाला, असं मला मनापासून वाटतं. म्हणून पीयूष मी ईस्टरनंतरसाठी राखून ठेवते. ‘आस्वाद’ या दुसऱ्या शाकाहारी हॉटेलातलं थालीपीठ मात्र या दिवसांना शोभतं. साधं, खमंग, आणि एकात पोट भरतं. तिथे गर्दी असते, तेव्हा भूक अगदी कडकडून लागायच्या आत पोचावं.

राखेच्या बुधवारी मी दुपारी केंद्राचं जेवण पोटभर जेवते. सकाळी चहाबरोबर आईने दिलेली दोन सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, आणि रात्री वाटीभर दहीभात. दहीभातही काकूच देतात, फक्त आदल्या दिवशी सांगावं लागतं.

एरवी, उपवासकाळ नसताना, शुक्रवारी बाहेर बिर्याणी खाते, त्यात आणि या जेवणात दीडशे-दोनशे रुपयांचा फरक पडतो. तो मी एका पाकिटात टाकत जाते आणि झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमध्ये गरिबांसाठी देते. म्हणूनही मला केंद्र जवळचं वाटतं. हॉटेलात बसलं की पाकिटात फारसं काही उरत नाही.

गुड फ्रायडेला मी यातलं काहीच खात नाही. आदल्या संध्याकाळी विरारची लोकल पकडते. घरी आईने पेज केलेली असते, सोबत लिंबाचं लोणचं.